गेणबाचा लगाम

आमच्या माहेरात नवरदेव घोड्यावर बसत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा थोरला भाऊ बापूसाहेब, आमचा दादा, जन्मभर या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिला आणि ती कळल्याशिवाय तो माणूस कळायचा नाही.

गाव घोडनदीच्या काठाला, शिरूरपासून फटफटीवर जवळच. लग्नाला निघण्याआधी नवरदेवाची मारुतीपर्यंत मिरवणूक निघते, तिला परण्या म्हणतात. बाकीच्या घरांत नवरदेव घोड्यावर असतो आणि दारोदारच्या बायका घोड्याच्या पायांवर पाणी ओततात. आमच्या घरचा नवरदेव अनवाणी चालतो. त्याच्यापुढे घरातला कर्ता पुरुष हातात एक जुना लगाम धरून चालतो. लगाम आहे, घोडा नाही. बायका पाणी ओततात ते नवरदेवाच्याच पायांवर. मारुतीचं देऊळ खालच्या आळीच्या पलीकडे, म्हणून जावं लागतं त्या आळीतूनच, आणि आमची मिरवणूक आली की तिथली दारं लागतात. राहते तिथे आमचीच भाऊकी. पण आमच्या मांडवात त्यांना बोलावणं नाही आणि पंगतीत पान नाही.

याचं कारण आम्हा भावंडांना आईनं भाकरी थापता थापता सांगितलेलं. आमचा खापरपणजोबा गेणबा इंग्रजांच्या वेळी घोडनदीच्या छावणीत स्वार होता. शिलेदार, म्हणजे घोडा स्वतःचा आणि नोकरी सरकारची. मोठ्या दुष्काळात छावणीतली चंदी, घोड्यांचा दाणा, चोरून विकल्याचा आळ त्याच्यावर आला. साक्ष दिली खालच्या आळीतल्या चुलतभावानं. त्याचंही नाव गेणबाच. आमच्याकडे मेलेल्या आजाचं नाव नातवाला ठेवायचं, त्यामुळे एकाच भाऊकीत एका वेळी दोन-तीन गेणबा ठरलेले. तर त्या खोट्या साक्षीवर आमच्या गेणबाला सगळ्या रिसाल्यासमोर फटके बसले, तुरुंग झाला, घोडा गेला. सुटून आला तो पायी, हातात फक्त लगाम. दारात उभा राहून म्हणाला, माझ्यावरचा डाग पुसला जात नाही तोवर या घरचा नवरदेव घोड्यावर बसायचा नाही. खालच्या आळीची दारं लागतात ती शरमेनं, असं आई म्हणायची आणि लगामाला दर दसऱ्याला तेल लावायची. आणखी एक म्हणायची, त्या दुष्काळात गाव ओस पडलं पण आपल्या घरातलं एक मूल दगावलं नाही, ही गेणबाची पुण्याई.

दादाच्या लग्नात मी करवली होते. वैशाखातला रस्ता तापलेला, पुढे वडील लगाम धरून, मागे दादा टाचा उचलून चालतोय, आणि वऱ्हाडातलं कुणी तरी मोठ्यानं विचारतंय की नवरदेवाचं घोडं चरायला गेलंय का. सगळे हसले. दादा हसला नाही. त्या दिवशी त्याच्या डोक्यात काय शिरलं ते पुढे तीस वर्षं निघालं नाही.

दादा म्हणजे तपासणारा माणूस. रांजणगावला एका कंपनीत इनवर्डला होता. बाहेरून आलेला माल चलनाशी ताडून, मोजून, मापून मगच आत घ्यायचा, हे त्याचं काम. घरीही तेच. बाजारात वांगं घेतलं तरी देठ फिरवून बघणार. माझं स्थळ आलं तेव्हा मुलगा खरंच रेल्वेत आहे का हे बघायला हा दौंडच्या स्टेशनावर अर्धा दिवस उभा राहिला होता. मुलगा हिरवी झेंडी घेऊन दिसला, तेव्हा माल पास झाला. त्या मालाबरोबर मी अजून दौंडातच नांदते आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

असा माणूस रिटायर झाला आणि गेणबाच्या मागे लागला. लोक रिटायर झाल्यावर देव-देव करतात, हा फटके आणि तुरुंग करू लागला. पुण्याच्या आणि मुंबईच्या जुन्या दप्तरांत जाऊन बसायचा. इंग्रजी बेताचंच, पण मोबाईलवर एक-एक शब्द उलगडत वाचायचा. राणी व्हिक्टोरियाच्या काळात सैनिकाला काय केलं की काय शिक्षा, हे त्याला देवाच्या आरतीसारखं पाठ झालं. गलबतांवर खलाशांना नऊ शेपटांच्या आसुडानं मारत. लष्करी तुरुंगात एक दांडा असे, तो दिवसभर फिरवायचा, आणि त्यातून काहीही निघायचं नाही, ना पीठ ना पाणी. हे त्यानं माझ्या नातीच्या बारशात सांगितलं, पाळण्याशेजारी उभं राहून. वर म्हणाला, आमच्या कंपनीत निदान शाफ्ट तरी निघायचा. आणखी एक शिक्षा त्याला फार लागली होती. तोफेचे गोळे एका ढिगातून उचलायचे, दुसऱ्या ढिगात नेऊन ठेवायचे, मग तेच गोळे परत आणायचे. मी म्हटलं, तू तरी वेगळं काय करतोस, मुंबईला जातोस आणि रिकाम्या हातानं येतोस. तो रागावला नाही. म्हणाला, खरं आहे.

कारण मुंबईत त्याला सांगितलं होतं की छावणीतल्या असल्या खटल्यांचे कागद ठरावीक वर्षांनी जाळून टाकायची रीत होती. साध्या स्वाराचे फटके कोण जपून ठेवतो. पण मोबाईलवर त्याला इंग्लंडातली मार्गारेट नावाची एक म्हातारी भेटली. तिचा पणजा आरमारात खलाशी होता आणि अधिकाऱ्यावर हात उचलला म्हणून मुंबईच्या तुरुंगात होता. दादानं मुंबईत तिचा पणजा शोधून दिला. तिनं बदल्यात तिकडे एका ग्रंथालयात ठेवलेले, घोडनदीला असलेल्या एका कर्नलचे कागद चाळायचं कबूल केलं. तिचा पणजा अपराधी निघाला होता. तिनं कळवलं, आमच्याकडे आता सगळे निवांत आहेत. दादाला त्या निवांतपणाचा हेवा वाटला, हे त्यानं मला फोनवर सांगितलं.

इकडे सत्यजीतचं, दादाच्या मुलाचं, लग्न ठरलं. मुलगी राहू गावची, अपेक्षा नावाची. व्याही बागायतदार, हौशी माणूस. त्यांनी बैठकीतच सांगून टाकलं की जावयासाठी घोडं आमच्याकडून येणार, पांढरं, झुलीसकट. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, ते असं. सत्यजीत म्हणाला, मला बसलं काय न बसलं काय, तुम्ही ठरवा. आजकालच्या पोरांना या गोष्टीचं काही वाटत नाही, आणि मला तेच बरं वाटतं. पण दादाला वाटत होतं. आपल्यासारखं आपल्या पोराला कुणी हसू नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि तेही खोटेपणानं नको, तपासून हवं होतं.

आणि मार्गारेटचे फोटो आले. कर्नलसाहेबानं तो खटला स्वतःच्या कागदांत ठेवला होता. त्यात दोन्ही गेणबा होते. नाव एक, गाव एक, म्हणून इंग्रजांनी नंबर दिले होते, गेनू पहिला आणि गेनू दुसरा. पहिल्यावर आरोप, दुसऱ्याची साक्ष. साक्ष एवढीच की अंधार पडताना लांबून पहिल्याला कोठारापाशी पाहिलं. बाकी पुरावा नाही, पोतं सापडलं नाही, विकत घेणारा सापडला नाही. शिक्षा पन्नास फटके, नोकरीतून बडतर्फी आणि दोन वर्षं सक्तमजुरी.

दादाचा फोन आला तेव्हा मी चपात्या लाटत होते. आवाजावरून वाटलं की लॉटरी लागली. असल्या साक्षीवर आमच्या कंपनीत एक नट रिजेक्ट होत न्हाई, आन् ह्यांनी माणूस रिजेक्ट केला, असं म्हणत होता. डाग पुसला गेला होता. त्यानं व्याह्यांना कळवून टाकलं की घोडं पाठवा. आईला मात्र अजून सांगितलं नाही. हळदीच्या दिवशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून सांगणार होता. आई नव्वदीच्या पुढची, दिसत नाही, पण लगामाला तेल लागलं की नाही हे वासावरून ओळखते.

पंधरा दिवस गेले आणि एका दुपारी तो न सांगता दौंडला माझ्या दारात आला. चहा घेतला नाही. स्वयंपाकघरात खाली भिंतीला टेकून बसला. मला वाटलं लग्न मोडलं.

"म्हाळसा," तो म्हणाला, "जलमभर एकच काम केलं. माल आला की इचारायचं, चलन कुठाय, कुणाच्या नावानं आलाय. आन् आपल्या देव्हाऱ्याशेजारी टांगलेल्या मालाचं चलन म्या कवाच मागितलं न्हाई."

मग त्यानं सांगितलं. खटल्याच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती, ती त्यानं आनंदाच्या भरात नीट वाचलीच नव्हती. पहिल्या गेनूचा घोडा, खोगीर आणि लगाम रिसाल्यात विकून टाकावा. म्हणजे ज्याला शिक्षा झाली त्याच्या हातात लगाम राहिलाच नव्हता. लगाम ज्याच्याकडे राहिला, तो घोडा घेऊन नोकरीत राहिलेला. साक्ष देणारा, म्हणजे आमचाच.

मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. एक कातड्याचा तुकडा, त्यावरून बापजाद्यांना चोर ठरवायला निघाला. मी म्हटलं, असले सतरा लगाम बाजारात मिळतात, कुणी तरी परत विकत घेतला असेल. तो म्हणाला, मीही आठवडाभर स्वतःला हेच सांगत होतो. मग आईचं ते दुष्काळातलं आठवलं. सगळं गाव ओस पडलं आणि आपल्याच घरातली पोरं कशी जगली, ती काय खाऊन जगली. पोतं सापडलं नव्हतं ना. मी ती गोष्ट शंभरदा ऐकली होती, अभिमानानं माझ्या मुलांना सांगितली होती.

तो म्हणाला, खालच्या आळीत जायचं आहे, हौशीराम आप्पांकडे, आणि तू चल, मला एकट्याला जमायचं नाही.

हौशीराम आप्पा खालच्या आळीतले सगळ्यांत थोरले. ओट्यावर शेवंतीची फुलं निवडत बसले होते, पुण्याच्या मार्केटला जायची. माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर, पण त्या उंबऱ्याच्या आत मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. सुनेनं पाणी आणलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि प्यायलो. दादानं जे कळलं ते सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. आप्पा फुलं निवडत राहिले.

"कवातरी तुमच्यातलं कुणी येईल आसं वाटत हुतं," ते म्हणाले. "तुझा आजा आला न्हाई, बाप आला न्हाई."

त्यांच्या आळीची कहाणी त्यांनी सांगितली ती अशी. त्यांचा गेणबा तुरुंगातून सुटून आला तेव्हा घरात बायको नव्हती, लेकरं नव्हती. दुष्काळानं नेली. एक मुलगा मामाकडे होता तेवढा वाचला, त्याच्यावर ही आळी उभी राहिली. वरच्या आळीत मात्र कणग्या भरलेल्या. आमचा गेणबा पुढे पेन्शन घेऊन आला आणि रडत त्याच्या पायावर पडला. त्यावर तो काय म्हणाला हे आप्पांनी फुलं खाली ठेवून सांगितलं.

"आमचा म्हणला, सायबानं मला दिली ती शिक्षा भोगून झाली. आता तुझी मी देतो. तुझ्या घरातला नवरदेव माझ्या दारावरनं चालत जाईल, लगाम पुढं धरून. गाव बघंल."

दादानं विचारलं, "किती पिढ्या, आप्पा?"

"ते सांगितलं न्हाई. त्याच साली गेला."

मी आजवर दादाला कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. कंपनीत मॅनेजरशी भांडणारा माणूस. तो हात जोडून म्हणाला की आता तुम्ही सोडवा. आप्पा म्हणाले, साहेबाची शिक्षा माफ करायला वर दुसरा साहेब असतो, ही कुणी माफ करायची? पाठ त्याची होती. ज्याच्या पाठीवर फटके बसले तोच सोडू शकला असता. आम्ही दारं लावतो ती शरमेनं नाही, ते म्हणाले. त्यांच्या घरातल्या जुन्या म्हातारीनं सांगून ठेवलं होतं की आपल्या घरचं पाणी वरच्या आळीच्या नवरदेवाच्या पायावर पडलं की त्यांची शिक्षा फिटली. म्हणून मिरवणूक आली की दार लावायचं, एखाद्या नव्या सुनेचा हात चुकून जायला नको.

परत येताना दादा म्हणाला, दोन वर्षांची सक्तमजुरी सोपी, तिला तारीख तरी असते. माझ्या मनात अजून एक चिवट वकील बसला होता, जो म्हणत होता की ही त्यांची कहाणी आहे, आपली आपली आहे, कुणाची खरी कशावरून? पण लगाम आमच्या बाजूनं बोलत नव्हता. आणि खरं सांगायचं तर आप्पांच्या आवाजात बदला नव्हता, असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

लग्नाच्या दिवशी व्याह्यांचं घोडं आलं. पांढरं, झुलीसकट, कपाळाला गोंडा. दादानं सत्यजीतला खोलीत नेऊन काय सांगितलं मला माहीत नाही. सत्यजीत बाहेर आला तो मोजडी हातात घेऊन, अनवाणी. घोड्याबरोबर आलेल्या राहूच्या पाहुण्यांत कुजबुज झाली, एकानं चांगलं मोठ्यानं विचारलंही. घोडं माघारी पाठवायचं म्हणजे व्याह्यांचा अपमान, म्हणून ते रिकामंच मागून चालत आलं. वरातीमागून घोडं, ही म्हण मी हजारदा वापरली असेल, त्या दिवशी ती डोळ्यांनी बघितली आणि हसू आलं नाही.

दादा पुढे लगाम धरून चालत होता. आमचे वडील हाच लगाम छाती काढून धरायचे. दादा मान खाली घालून चालला होता. बघणाऱ्यांना वाटलं असेल ऊन लागतंय.

खालच्या आळीत एकेक दार लागत गेलं. आप्पांचं दार मात्र उघडं होतं. आप्पा उंबऱ्यावर बसलेले आणि शेजारी तांब्या. वाजंत्रीवाल्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ते थांबले. दादा थांबला. सत्यजीत आप्पांच्या समोर उभा राहिला. तापलेल्या डांबरानं त्याचे तळवे लाल झाले होते, ते मला मागून दिसत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, ओता आप्पा, एक धार ओता. आप्पांनी तांब्या उचलला. सत्यजीतच्या पायांकडे बघत राहिले. थोडं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"माझ्याच्यानं न्हाई व्हत, बापू," ते हलक्या आवाजात म्हणाले. "म्या लई ठरवलं हुतं."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. दादानं मान हलवली, जणू आप्पांनाच समजावत होता, आणि पुढे निघाला. माझी चिडचिड झाली, रडू आलं, पण कुणावर चिडायचं ते कळेना. आप्पांवर चिडता येत नव्हतं. मेलेल्या दोन गेणबांवर चिडून काय उपयोग.

मिरवणूक मारुतीला जाऊन माघारी आली. वऱ्हाडाच्या गाड्या राहूला निघण्याआधी दादा लगाम ठेवायला घरात आला, मी त्याच्या मागे. आई खाटेवर बसून होती. लगामाचा वास आला तसा तिनं हात पुढे केला, चाचपून बघितलं, आणि विचारलं की खालच्या आळीनं दारं लावली होती का.

दादा देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याकडे बघत उभा राहिला.

"व्हय आई," तो म्हणाला. "समदी लावली हुती."

"लाजत्यात मेली," आई म्हणाली. "गेणबाचं नाव राखलंस, बापू." मग तिनं न दिसणारे डोळे माझ्या बाजूला वळवले. ती मला लहानपणापासून ओळखते, तिला ते माझ्याकडूनही ऐकायचं होतं. "व्हय का गं, म्हाळसा? लावली हुती?"

मी व्हय म्हणाले. दादानं लगाम खिळ्याला अडकवला आणि आम्ही गाडीकडे गेलो.